जानेवारीत मोजलेली माणसं

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये माणसं मोजली गेली. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला होता. मागच्या दाराशी उभे असलेले एक तरुण ब्रदर रांगांवरून बोट फिरवत वहीत रेघा ओढत होते. सतरंजीच्या पुढच्या चार रांगा तेवढ्या भरलेल्या. त्यांत म्हातारी माणसं, शाळकरी लेकरं आणि कडेवर मूल घेतलेल्या दोन-तीन सुना. मागे भिंतीपर्यंत सतरंजी मोकळी. महिनाभराने बैठक झाली तेव्हा हाच आकडा आमच्यापुढे आला. आपलं धर्मग्राम, म्हणजे एका फादरांकडे सोपवलेली पॅरिश, आणि बारा किलोमीटरवरचं शेजारचं धर्मग्राम, दोन्हीकडची माणसं रोडावली आहेत, दोन्हींना वेगळे फादर देणं आता जमण्यासारखं नाही, तेव्हा दोन्ही मिळून एकच धर्मग्राम करावं, असा प्रस्ताव आहे.

ज्याने मराठवाडा पाहिला आहे त्याला ही मोजणी कुठे चुकली ते सांगायला नको. दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या वाड्यांमधली घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं ट्रॅक्टरवर चढवून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. नाताळ उसाच्या फडात जातो. माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला तेव्हा आमच्याकडे निम्म्या दारांना कुलूप होतं. २०२५ साली तोच सण २० एप्रिलला आला आणि चर्चच्या बाहेर मांडव घालावा लागला. गाव तेच, चर्च तेच, माणसंही तीच. जानेवारीत मोजली तर धर्मग्राम मरायला टेकलंय असं दिसतं, जूनमध्ये मोजली तर बसायला जागा नाही असं दिसतं.

बैठकीत मी हे बोलले तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई विरोधात उभ्या राहिल्या. तसं नाही, म्हणून हे लिहायला बसले. मोजणी चुकली आहे आणि फादर कमी पडतात हे दिलेलं कारणही अपुरं आहे. तरीही ही दोन धर्मग्रामं एक व्हावीत असं मला मनापासून वाटतं. माझी कारणं मात्र वेगळी आहेत.

पहिलं कारण मला एका वहीत सापडलं. मागच्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि बाप्तिस्म्याचा ताजा दाखला हवा म्हणून मी मिशनच्या ऑफिसात गेले. फादरांनी कपाटातून नोंदवह्या काढल्या. भाचीचं नाव नव्या वहीत मिळालं, पण मला राहवलं नाही म्हणून मी तळातली सगळ्यात जुनी वही मागून घेतली. कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस पडलेली. एका रांगेत लेकराचं नाव, मग आईबापांचं, मग गाव, मग धर्ममाता-धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला लेकराची जबाबदारी घेणाऱ्यांचं, शेवटी फादरांची सही. मी आमच्या गावातल्या लेकरांच्या नोंदी बघत होते आणि धर्ममातेच्या रकान्यात पुन्हा पुन्हा शेजारच्या त्या गावच्या बायकांची नावं येत होती. त्यांच्या लेकरांच्या नोंदीत आमच्याकडच्या बायका. माझ्या थोरल्या आत्याची धर्ममाता तिकडची होती, हे मला वयाच्या साठीत कळलं. तेव्हा दोन्ही गावं एकाच मिशनमध्ये होती. पुढे १९७७ च्या १७ डिसेंबरला अमरावती धर्मप्रांतातून, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशातून, औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला, मराठवाड्यात काम वाढलं, फादर वाढले आणि काही वर्षांनी आमच्या मिशनचीही दोन धर्मग्रामं झाली. नवी वही सुरू झाली. त्या नव्या वहीत शेजारच्या गावची एकही धर्ममाता मला सापडली नाही. मी पानं मागे-पुढे करून पाहिलं. एकही नाही.

आता अवघड गोष्ट लिहिते, कारण बैठकीत ती कुणीच बोललं नाही. आमच्याकडची बहुतेक घरं महार समाजातून ख्रिस्ती झालेली, तिकडची बहुतेक मांग समाजातून. सीमा आखणाऱ्यांनी जात पाहून रेघ ओढली असं मी म्हणत नाही. त्यांनी रस्ता, नदी, अंतर पाहिलं असेल. पण रेघ जिथे पडली तिथे जात आधीच उभी होती, आणि रेघ पडल्यावर तिला आधार मिळाला. पूर्वी एका मिस्साला, म्हणजे फादर घेतात त्या उपासनेला, बसणारी माणसं वेगळी बसू लागली. वेगळी बसल्यावर लेकरांची लग्नं एकमेकांत लावण्याचा विषयच निघेनासा झाला. ‘ते तिकडचे’ असं आम्ही म्हणतो आणि समोरच्याला सगळं समजतं. आमची पोरं स्थळ शोधायला पुण्यापर्यंत जातात, पण बारा किलोमीटरवर जात नाहीत.

दर १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. १९५० साली त्याच तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. आपल्यालाही तो दर्जा मिळावा ही मागणी रास्त आहे आणि मी तिच्यासाठी मोर्चात चालले आहे. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही भेदभाव आहे हे त्यांनी कबूल केलं. मग आपल्या घरातला भेद समोर असताना आपण काय करणार? दोन धर्मग्रामं वेगळी ठेवून समतेचा अर्ज दिल्लीला पाठवायचा हे माझ्या मनाला पटत नाही. एक व्हायचं ते यासाठी. फादर मुबलक असते, दोन्ही चर्च रविवारी भरून वाहत असती, तरी या कारणासाठी मी एक होण्याच्याच बाजूने बोलले असते.

फादर कमी पडतात म्हणून धर्मग्राम बंद करा, हे कारण रोमलाही मान्य नाही. व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने जुलै २०२० मध्ये धर्मग्रामांबद्दल जी सूचनापत्रिका काढली तिच्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची एकूण आर्थिक स्थिती एवढ्यावर धर्मग्राम रद्द करता येत नाही. प्रत्येक धर्मग्रामाचं स्वतःचं असं कारण दाखवावं लागतं. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या ट्रिअर धर्मप्रांताने ८८७ धर्मग्रामांची ३५ करायची योजना आणली होती आणि रोमने ती थांबवली. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, धर्मग्राम स्थापणं, बदलणं, रद्द करणं हा बिशपांचा अधिकार आहे, पण त्याआधी त्यांना धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकावं लागतं. निर्णय चुकीचा वाटला तर श्रद्धावंतांना आधी बिशपांकडे आणि मग रोमकडे दाद मागता येते, तिला मुदत असते आणि ती मुदत फार थोडी असते. हे आमच्या लोकांना माहीत असावं म्हणून लिहिते, भांडायला उभं राहा म्हणून नाही.

फादरच कमी असतील तर त्याला कॅनन लॉमध्ये सोपा उपाय आहे. एकाच धर्मगुरूकडे शेजारची दोन-तीन धर्मग्रामं सोपवता येतात. दोन्ही धर्मग्रामं जागच्या जागी राहतात, फादर मोटारसायकलवर ये-जा करतात. एक होण्याला विरोध करणाऱ्यांचा हाच आग्रह आहे: एक फादर ठेवा, पण धर्मग्रामं दोन राहू द्या. ऐकायला बरं वाटतं. पण मग दोन कौन्सिलं, दोन आर्थिक समित्या, दोन तिजोऱ्या तशाच राहणार, आणि दोन्ही तिजोऱ्या रिकाम्या. ‘ते तिकडचे’ हेही तसंच राहणार. फादर एवढेच काय ते दोघांचे, आणि तेही कुणाकडे जास्त राहतात यावरून रुसवेफुगवे.

इथे मला आमच्या दादांबद्दल लिहायला हवं. दादा म्हणजे माझे वडील. ते कॅटेकिस्ट होते, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारे. गावोगावी सगळे त्यांना मास्तर म्हणत. सात गावं त्यांच्याकडे होती आणि एक सायकल. मागच्या कॅरिअरला कापडी पिशवी, तिच्यात बायबल, भजनांची वही, टाळांची जोडी आणि क्विनाइनच्या गोळ्या. ज्या गावात फादर महिना-महिना येत नसत तिथे रविवारी दादा लोकांना बसवत. शुभवर्तमान वाचत, दोन शब्द सांगत, भजन घेत. कुणी मरायला टेकलं तर निरोप आधी त्यांना येई. अंगावर पाणी घालून मरणाऱ्या लेकराला बाप्तिस्मा दिल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज बसला होता. कुणाच्या शेताच्या बांधाचं भांडण, कुणाच्या पोराचा शाळेचा दाखला, हेही तेच बघत.

मराठवाड्यात कॅथलिक श्रद्धा अशीच रुजली. १८९० च्या दशकात फ्रान्सिस द सेल्स संघाचे फ्रेंच मिशनरी औरंगाबादच्या भागात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्यांतल्या फादर गुरियन जाक्येर यांचं कामाचं गाव घोगरगाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पण एक-दोन फादर अन् पसरलेली गावं, हिशोब साधा आहे. फादर गावात राहत नसत, येऊन जात. गाव टिकून राही ते मास्तरमुळे, भजनी मंडळामुळे, रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर जमण्यामुळे. गावात कायमचे फादर, त्यांचा बंगला, ऑफिस, फाटक हे सगळं आमच्याकडे एका पिढीचं आहे. फादर गेले की श्रद्धा जाईल असं म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांना आठवावं. त्यांच्याकडे फादर नव्हते.

मास्तर मात्र होते, आणि आज मास्तर नाहीत. दादांच्या नंतर त्या सात गावांना पूर्णवेळ कॅटेकिस्ट मिळाला नाही, कारण पगार द्यायला धर्मग्रामाकडे पैसे नव्हते. शेजारच्या धर्मग्रामाची तीच गत. दोन्हींची रविवारची दानपेटी मिळून, दोन्हींच्या सणांची वर्गणी मिळून, एकाच ऑफिसचा खर्च धरला तर दोन कॅटेकिस्टांना जगण्यापुरता पगार देता येईल असा माझा अंदाज आहे. आर्थिक समितीत मी सहा वर्षं वह्या लिहिल्या आहेत, म्हणून बोलते. एक होण्याचं माझं दुसरं कारण हे. प्रस्तावाच्या कागदावर फादर किती, चर्च किती, किलोमीटर किती हे आहे, मास्तरांबद्दल ओळ नाही. ती ओळ पहिली हवी होती. तीत दोन कॅटेकिस्ट असावेत, त्यांतली एक बाई असावी, आणि त्यांचा पगार सगळ्या खर्चाआधी बाजूला काढावा. एवढं लिहून मिळणार नसेल तर हे विलीनीकरण कागदावरचं आहे, आणि मग माझाही त्याला विरोध राहील.

लोकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती आहे ती चर्चला कुलूप लागण्याची. एका मावशींनी मला विचारलं, “बाई, आपल्या चर्चाला टाळं लावतेत का?” या भीतीला बैठकीत कुणी नीट उत्तर दिलं नाही. उत्तर असं आहे की धर्मग्राम एक होणं आणि चर्चची इमारत बंद करणं या कॅनन लॉमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचे निर्णय वेगळे घ्यावे लागतात. धर्मग्राम विलीन झालं तरी चर्च चर्चच राहतं. ते उपासनेतून काढायचं असेल तर एकतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेलेली असावी लागते किंवा दुसरं गंभीर कारण दाखवावं लागतं. हे आधी न सांगितल्याने काय होतं ते अमेरिकेत दिसलं. बोस्टन महाधर्मप्रांताने २००४ साली बरीच धर्मग्रामं बंद केली, तेव्हा सिच्युएट गावच्या लोकांनी आपलं चर्च सोडायला नकार दिला आणि आळीपाळीने रात्रंदिवस आत बसून राहिले. २०१६ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त. त्या लोकांची निष्ठा मला रडवते. पण इतकी माया असलेली माणसं अकरा वर्षं आपल्याच बिशपांविरुद्ध दार धरून बसली, यात कुणाचं भलं झालं?

म्हणून आमच्याकडे दोन्ही चर्च उघडी राहणार हे बिशपांच्या हुकुमात लिहिलेलं असावं. पाळीही लिहिलेली असावी. एका रविवारी मिस्सा इकडे आणि त्याच रविवारी तिकडे शुभवर्तमान-प्रार्थना, पुढच्या रविवारी उलटं. मिस्साला जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी गाडीची सोय. आमच्या रस्त्याला एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते, ती चुकली की वडापची जीप भरेपर्यंत थांबायचं. बारा किलोमीटर नकाशावर काहीच नाहीत, गुडघे गेलेल्या बाईला ते फार आहेत.

मालमत्तेचं जरा सविस्तर बोलते, कारण पुढची भांडणं इथूनच निघतात. ख्रिस्ती लोकांना एक होण्याचा अनुभव नाही असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. फार मोठं पाऊल होतं ते, आणि मला त्या लोकांच्या धाडसाचा आदर वाटतो. पण त्या सहांतल्याच ब्रदरन मंडळींच्या गुजरातमधल्या मिळकतीचा वाद त्यानंतर चाळीस वर्षं चालला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता विलीन होण्याचा ठराव केल्याने जुनी संस्था संपत नाही आणि ट्रस्टची मिळकत आपोआप नव्याकडे जात नाही, कायद्यातली रीत पाळावी लागते. आपली मिळकत धर्मप्रांताच्या ट्रस्टखाली असल्याने तसा वाद आपल्याकडे होणार नाही असं कुणी म्हणेल. ट्रस्ट एक असला तरी मनातले हिशोब वेगळे असतात. मिशनची ती विहीर आमच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खणली, ते चिंचेचं झाड त्यांच्या वाडीचं, ती दोन एकर अमक्याने देवाला दिली. कॅनन लॉ सांगतो की दोन संस्था एक झाल्या की मालमत्ता आणि जबाबदाऱ्या नव्या संस्थेकडे येतात, पण दान देणाऱ्याची इच्छा राखूनच. तेव्हा आधी यादी करा. सातबारा काढा, कुणी काय म्हणून दिलं ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या, आणि ती यादी दोन्ही चर्चच्या फळ्यावर लावा. विक्रीचा विषय पुढची दहा वर्षं काढायचा नाही, हेही लिहा. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही हे खरं, पण विक्रीच्या नुसत्या वावडीने गाव फुटतं.

दफनभूमी दोन्ही राहिल्या पाहिजेत, यावर चर्चासुद्धा नको. आमच्या भागात दलित-ख्रिस्ती माणसाला मूठभर मातीसाठी किती हात जोडावे लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. पालक संतांचे दोन्ही सण राहावेत. नव्या धर्मग्रामाला नाव तिसरं द्यावं. ऑफिस कुठे, हा प्रश्न शेवटी. नोंदवह्या एका कपाटात जाणारच, पण जाण्याआधी त्यांचे फोटो काढून दोन्हीकडे ठेवावेत. आमच्या लोकांचा इतिहास दुसऱ्या कुठल्या कागदावर नाही.

तिसरं कारण सांगते, आणि माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही पाचजणी सिस्टरांबरोबर एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. उसाच्या वाढ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रांगेने उभ्या, मध्ये मळीच्या वासाचा चिखल, बैल बांधलेले, आणि संध्याकाळ होत आली तरी बायका फडातून परतायच्या होत्या. नाताळची मिस्सा आठ वाजता ठेवली होती, ती साडेदहाला सुरू झाली कारण गाड्या खाली व्हायला उशीर झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पांढरा कपडा अंथरून वेदी केली. माणसं आली ती अंगावर पाचटाची कुसळं घेऊनच. त्यांत आमच्या धर्मग्रामातली घरं होती तशी शेजारच्या धर्मग्रामातलीही. कोपीला कोपी लागून. एकीचं पोर तापाने फणफणलं तर दुसरी त्याला मांडीवर घेऊन बसली होती, आणि ही दुसरी ‘तिकडची’ होती. मी तिला विचारलं, तुमचं आमचं एक करायचं चाललंय, ऐकलं का? ती म्हणाली, “इथं तर एकच हाव की. गावाकडं गेल्यावरच येगळं व्हतोत.”

पॅरिश हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या पारोइकिया शब्दाचा अर्थ परक्या मुलखातला मुक्काम. पहिले ख्रिस्ती स्वतःला असे परमुलखात उतरलेले पाहुणे समजत. बायबलच्या वर्गात हे ऐकलं तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. त्या तळावर समजलं. आमचं खरं धर्मग्राम वर्षातले पाच-सहा महिने त्या कोप्यांमध्ये असतं, आणि दोन्ही धर्मग्रामांच्या कागदांवर त्यांच्यासाठी काहीच नसतं. तिथे जन्मलेल्या लेकरांचे बाप्तिस्मे राहून जातात. शाळा सुटते. मुलींची लग्नं लवकर उरकतात, कारण वयात आलेल्या पोरीला ना गावात एकटं ठेवता येतं ना तळावर. नव्या एकत्र धर्मग्रामाचं पहिलं काम हे असावं: गावात मागे राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह, आणि दर पंधरा दिवसांनी तळांवर जाणारी दोन्ही गावांची एक टोळी. रिकामा होणारा एक बंगला यासाठी द्या. काम एक झालं की माणसं एक व्हायला वेळ लागत नाही, तळावर ते डोळ्यांनी पाहिलं.

अडचणी येणारच. गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, आम्ही एका शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेच्या चौदा स्थानांची प्रार्थना, एकत्र काढून पाहिली. सातव्या स्थानापाशी एक जुनं गीत सुरू झालं आणि लगेच गोंधळ उडाला, कारण त्यांची चाल वेगळी, आमची वेगळी. दोन्ही भजनी मंडळं थांबली. कुणी चिडलं नाही, पण कुणी हटलंही नाही. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी आमच्याकडच्या एका आजोबांनी त्यांच्या मृदंगवाल्याला म्हटलं, तुमची चाल मास्तरांची आहे, जुनी आहे, तुम्ही म्हणा. मास्तर म्हणजे आमचे दादा. त्यांनी शिकवलेली चाल तिकडे टिकली होती, आमच्याकडे ती बदलून गेली होती. मी ती वीस-पंचवीस वर्षांनी ऐकली.

फादरांना आणि बिशपांना माझी विनंती एवढीच आहे की घाई करू नका आणि थांबवूही नका. पुढची बैठक फेब्रुवारीत ठेवू नका. जूनमध्ये ठेवा, पेरणीच्या आधी, टोळ्या घरी असताना. ती आमच्या चर्चमध्ये नको, तिकडच्या चर्चमध्ये ठेवा, आम्ही चालत येऊ. आणि तिथे मोजायचंच असेल तर दोन्हीकडच्यांना एकाच सतरंजीवर बसवून मोजा.